ओवाळणी आणि वाटा

कार्तिक शुद्ध द्वितीया उजाडली म्हणजे महाराष्ट्रात घरोघर पाट मांडले जातात, पाटाभोवती रांगोळी निघते, तबकात निरांजन, सुपारी, अक्षता आणि सोन्याची अंगठी यांची जुळणी होते, आणि ज्या भावांस वर्षभर बहिणीची साधी विचारपूस करण्यास सवड सापडत नाही तेही त्या दिवशी डोक्यावर टोपी चढवून मोठ्या भाविकपणे पाटावर बसतात. बहीण ओवाळते, भाऊ तबकात काही घालतो, दोघांचेही डोळे क्षणभर ओलावतात. हा देखावा रम्य आहे यात शंका नाही. त्या रम्यतेवर आजवर पुष्कळांनी लिहिले आहे, आणि दिवाळीच्या सुमारास संपादकांच्या आग्रहावरून आम्हीही दोनदा लिहिले आहे. आज मात्र त्या तबकाखाली काय दडलेले असते, याविषयी लिहावयाचे आहे. हे लिहिणे काही घरांत कडू लागेल. त्याबद्दल वाचकांची क्षमा मागण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. कारण ज्यांस ते कडू लागावे त्यांच्यात आम्हीही आहोत, हे पुढे दिसून येईल.

तबकाखाली जे दडलेले असते त्याचे नाव हक्कसोडपत्र. वडील वारतात. तेरावा होतो. वर्षश्राद्धाच्या आत केव्हा तरी घराच्या आणि जमिनीच्या कागदांवर वारसांची नावे लावण्याचा प्रश्न निघतो, आणि मुलांबरोबर मुलींचीही नावे लागणार असे कळल्यावर घरात कुजबूज सुरू होते. मग एके दिवशी बहिणीला निरोप जातो, 'एक सही हवी आहे, येऊन जा.' कसली सही, हे तिने विचारावयाचे नसते. ती येते, दुय्यम निबंधकांच्या कचेरीत बाकावर बसते, नाव पुकारले की आत जाते, सही करते, अंगठा उमटविते आणि बाहेर येते. मुद्रांकाचा खर्च जुजबी असतो. तो भाऊच करतो. दुपारी घरी गोडाचे जेवण होते, आणि निघताना तिच्या ओटीत खण, नारळ आणि एक साडी पडते. 'बहिणीची साडीचोळी केली' एवढ्या तीन शब्दांत हा व्यवहार मागाहून सांगितला जातो. ज्या लेखावर तिने सही केली त्यात हा हक्क आपण स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय सोडीत आहोत अशा अर्थाचे वाक्य हटकून असते. आम्हांस त्या वाक्याचेच नवल वाटते. भाऊ ओवाळणीच्या तबकात जे घालतो ते स्वखुशीने घातले असे कोणी मुद्रांकावर लिहवून घेत नाही. जेथे खुशी उघड असते तेथे साक्षीदार लागत नाहीत.

कोणी म्हणेल की, या कचेरीतल्या कागदाचा आणि भाऊबिजेचा संबंध काय? संबंध असा की, हा कागद ज्या युक्तिवादावर उभा राहतो तो युक्तिवाद भाऊबिजेच्या तबकातून उचललेला आहे. 'आम्ही बहिणीला काही कमी करीत नाही. दर भाऊबिजेला आणि दर राखीपौर्णिमेला तिचे सारे करतो' हे वाक्य ज्याने ऐकले नाही असा मराठी वाचक विरळा. ओवाळणी म्हणजे प्रेमाने दिलेली वस्तू; वाटा म्हणजे मुळातच तिची असलेली वस्तू. पहिलीचे मोजमाप नसते, दुसऱ्याचे असते. आमच्या मध्यमवर्गीय घरांनी या दोहोंची अशी बेमालूम सरमिसळ करून टाकली आहे की, ओवाळणी ही वाट्याची किंमत ठरली, आणि वाटा मागणे हा प्रेमाचा भंग ठरला. ही सरमिसळ खोटी आहे, आणि ज्या सणाच्या नावावर ती खपते त्या सणाचाच ती अपमान करते, एवढे दाखविण्याचा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम सणच पाहू. भाऊबिजेस यमद्वितीया असेही नाव आहे, आणि तिची कथा सर्वांस ठाऊक आहे. आपल्या कामाच्या व्यापात गुंतलेला यम एकदा बहिणीच्या, म्हणजे यमुनेच्या, घरी गेला; तिने त्याला जेवू घातले; त्याने संतुष्ट होऊन तिला वर दिला. म्हणून या दिवशी पुरुषाने आपल्या घरी न जेवता बहिणीच्या घरी जाऊन तिच्या हातचे जेवावे, असे व्रतग्रंथ सांगतात. या कथेत यम यमुनेला आपल्या वाड्यावर बोलावीत नाही, तो तिच्या दारी जातो. म्हणजे या सणाच्या मुळाशी जी बहीण उभी आहे ती माहेरच्या ओसरीवर संकोचाने बसलेली पाहुणी नव्हे. ती स्वतःच्या घरात, स्वतःच्या चुलीपुढे उभी असलेली घरधनीण आहे. भाऊच येथे पाहुणा. आणि तो पाहुणाही कोण? ज्याला आपण धर्मराज म्हणतो, जो प्रत्येकाच्या पदरातले बरेवाईट तोलून पाहतो, तो! अशा देवाच्या नावाने चालणाऱ्या सणाचा उपयोग वजनात खोट करण्यासाठी व्हावा, यासारखा विपर्यास दुसरा नसेल.

यावर कोणी जात्यावरच्या ओव्यांचा दाखला देतील. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन' या संग्रहात जमविलेल्या ओव्या घ्या, किंवा पुढे हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांच्या प्रयत्नाने महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून गोळा झालेल्या एक लाखाहून अधिक ओव्या घ्या. त्यांत भावाचे कौतुक भरून वाहते. त्या कौतुकात बहीण भावाजवळ शेत मागत नाही. साडी मागते, चोळी मागते, आणि पुष्कळदा तेही न मागता केवळ त्याच्या येण्याची वाट पाहते. 'पाहा', आमचे रसिक मित्र सांगतात, 'आमच्या बहिणी किती अल्पसंतुष्ट, किती निर्लोभ!' आम्ही त्या ओव्या वर्गात शिकविल्या आहेत, आणि त्यांच्या गोडव्याने आमचाही गळा दाटून आला आहे. परंतु जिला मागण्याचा अधिकारच नव्हता तिने काय मागितले नाही, यावरून तिची इच्छा ठरविणे हा कोणता न्याय? पहाटेच्या अंधारात दळणाऱ्या त्या बाईला शेत मागता येत नव्हते, म्हणून तिने चोळी मागितली. तिच्या गाण्यातील ती चोळी म्हणजे तिच्या समाधानाची पावती नव्हे. तिच्या मागणीला समाजाने आखून दिलेली ती सीमा होय.

दुसरे मित्र धर्मशास्त्राचा आधार घेतात. मुलीला वाटा ही पाश्चात्त्यांच्या पुस्तकांतून आलेली कल्पना आहे, असे त्यांचे मत असते. हे मत बोलून दाखविणाऱ्या बहुतेकांनी धर्मशास्त्र उघडलेले नसते. वडिलांच्या पश्चात भावांनी आपापल्या अंशातून चौथा भाग अविवाहित बहिणींस द्यावा आणि जे देणार नाहीत ते पतित होत, असे मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात सांगितले आहे. याज्ञवल्क्यही हाच चौथा भाग सांगतो. चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या कारकीर्दीत कल्याणीस 'मिताक्षरा' लिहिणाऱ्या विज्ञानेश्वरापुढे हा प्रश्न आला, तेव्हा 'चौथा भाग म्हणजे केवळ लग्नाचा खर्च' असा सोयीचा अर्थ करणाऱ्यांचे म्हणणे त्याने खोडून काढले आणि मुलगीही अंशाची धनी आहे असा निर्णय दिला. मूळ पैठणच्या भट्ट घराण्यातील नीलकंठाने सतराव्या शतकात 'व्यवहारमयूखा'त बहिणीला गोत्रज मानून वारसांच्या मालिकेत बसविले, आणि त्यामुळे जुन्या मुंबई इलाख्यात बहिणीचे स्थान इतर प्रांतांहून बरे राहिले. ही स्थाने समान वाट्याच्या पुष्कळच अलीकडची होती, आणि लग्न झालेल्या मुलीच्या पदरात त्यांतून फारसे काही पडत नव्हते, हे आम्ही जाणतो. आमचे म्हणणे इतकेच की, नऊशे वर्षांपूर्वीच्या एका टीकाकाराला 'लग्नाचा खर्च म्हणजे वाटा नव्हे' हे कळत होते, आणि आजच्या पदवीधर भावाला ते कळत नाही!

आता कायद्याकडे वळू. १९३७ च्या कायद्याने हिंदू विधवेला मर्यादित हक्क दिला, मुलीला काही दिले नाही. पुढे राव समितीने मुलीला मुलाच्या निम्मा वाटा सुचविला. हिंदू संहितेच्या विधेयकात तो समान करण्याचा प्रयत्न झाला. त्या विधेयकावर देशभर जे काहूर माजले त्यात 'बहीण-भावांचे प्रेम नष्ट होईल' हा आक्षेप वारंवार घेतला गेला. विधेयक रखडले, आणि १९५१ च्या सप्टेंबरात डॉ. आंबेडकरांनी विधिमंत्रिपद सोडले. ते सोडण्याच्या कारणांत हे विधेयक प्रमुख होते. १९५६ साली वारसा कायदा झाला खरा, परंतु त्याने वडिलोपार्जित मिळकतीतील मुलग्यांचा जन्मसिद्ध हक्क तसाच ठेवला. याचा हिशेब वाचकांनी एकदा बोटांवर करून पाहावा. आई आधीच वारलेली. बाप, दोन मुलगे आणि एक मुलगी असे कुटुंब. आणि मिळकतीचे नऊ वाटे आहेत असे धरा. बाप मेला की प्रथम बाप आणि दोन मुलगे यांच्यात कल्पित वाटणी करावयाची, म्हणजे प्रत्येकास तीन. मग बापाचे तीन वाटे तिन्ही मुलांत वाटावयाचे. हाती काय राहिले? प्रत्येक मुलास चार, आणि मुलीस एक. शिवाय राहत्या घराची वाटणी भाऊ आपण होऊन करीपर्यंत तिला ती मागताही येत नसे.

महाराष्ट्राने १९९४ साली हा दोष काढण्याचा प्रयत्न केला. पण तो कायदा अमलात येण्यापूर्वी ज्यांची लग्ने झाली होती त्या मुलींना त्यातून वगळले. अखेर ९ सप्टेंबर २००५ पासून साऱ्या देशात मुलगी ही मुलाप्रमाणेच जन्मतः सहदायाद ठरली, विवाहित असो वा अविवाहित, आणि राहत्या घराविषयीचे ते बंधनही गेले. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनिता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, २००५ साली वडील हयात असोत वा नसोत, हा हक्क मुलीचा जन्मापासूनचा आहे, असे स्पष्ट केले. आमच्या उदाहरणातील मुलीचा एक वाटा आता तीन वाटे झाला. एवढ्यासाठी देशाला अर्धशतकाहून अधिक काळ लागला. आणि जे कायद्याने इतक्या सायासाने दिले ते आमच्या घरांत एका दुपारी, चहाच्या पेल्याबरोबर, एका सहीने परत घेतले जाते. नोंदलेले हक्कसोडपत्र मागाहून फिरविणे अत्यंत कठीण असते, हे भावांच्या वकिलास ठाऊक असते. बहिणीला ठाऊक नसते, आणि तिला वकील तर नसतोच.

यावर जे समर्थन नेहमी ऐकू येते त्याचा समाचार घेणे अवश्य आहे.

पहिले समर्थन, 'तिच्या लग्नात खर्च केला.' कोणाचे लग्न खर्चाशिवाय झाले? भावाच्या लग्नात मांडव नव्हता काय? त्याच्या शिक्षणासाठी जो पैसा ओतला तो वाट्यातून कापला काय? आणि खर्च म्हणजे हुंडा असे म्हणावयाचे असेल, तर हुंडा देणे-घेणे १९६१ पासून गुन्हा आहे. स्वतःच्या गुन्ह्याची पावती दाखवून ऋण फिटल्याचे सांगणारा ऋणको आम्ही दुसऱ्या कोणत्या व्यवहारात पाहिलेला नाही. तो पैसा बहिणीच्या हाती पडलाच नाही. तो तिच्या सासऱ्याच्या हाती पडला.

दुसरे समर्थन, 'तिला सासरी मिळतेच.' सासरी मिळते ते नवऱ्याच्या हयातीत नवऱ्याचे. आणि तिची नणंदही अशीच साडीचोळीवर वाटेला लावलेली असते. म्हणजे प्रत्येक घर दुसऱ्या घराकडे बोट दाखविते, आणि दोन्ही घरांत बाईचे नाव कागदावर नसते. या संबंधात एक गंमत आम्ही अनेकदा पाहिली आहे. जो गृहस्थ आपल्या बहिणीकडून हक्कसोडपत्र घेतो तोच आपल्या पत्नीला माहेरचा वाटा मागण्यासाठी चढवितो. कायद्याचे ज्ञान त्याला असते. फक्त ते उंबऱ्याच्या एकाच बाजूस लागू होते.

तिसरे समर्थन, 'आईबापांना आम्ही सांभाळले.' हे खरे असेल तेथे त्याचा मान राखला पाहिजे. परंतु मग हाच नियम भावाभावांतही लावा. जो भाऊ मुंबईस किंवा अमेरिकेत राहिला, दोन वर्षांतून एकदा आला, आणि ज्याने वडिलांचे पथ्यपाणी कधी पाहिले नाही, त्याच्यापुढे हक्कसोडपत्र कोण ठेवतो? आणि शेवटच्या आजारात रुग्णालयात रात्र-रात्र कोण बसले होते, हे वाचकांनी आपापल्या घरी आठवून पाहावे. पुष्कळ ठिकाणी त्या खुर्चीवर मुलगीच होती, असे दिसून येईल.

चौथे समर्थन, 'जमिनीचे तुकडे होतील.' तिसरा मुलगा जन्मला तेव्हा तुकड्यांची ही चिंता कोणी व्यक्त केली होती? तो पेढे वाटण्याचा दिवस होता.

पाचवे आणि सर्वांत मोठे समर्थन, 'प्रेम तुटेल, माहेर तुटेल.' भावाभावांच्या वाटण्यांचे दावे आमच्या न्यायालयांत कित्येक पिढ्या चालत आले आहेत. महाभारत हे तरी वाटणीचेच भांडण. तथापि बंधुप्रेमाच्या रक्षणासाठी धाकट्या भावाने आपला वाटा सोडावा, असा उपदेश कोणी करीत नाही. प्रेमाचे सारे ओझे बहिणीच्याच डोक्यावर का? शेजारच्या गोव्याकडे पाहा. तेथे १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेपासून मुलगा आणि मुलगी यांचे वारशातील स्थान समान आहे. गोव्याचे भाऊ देवदूत आहेत असे आमचे म्हणणे नाही. परंतु तेथे भाऊबीज बंद पडली असे काही आम्ही ऐकलेले नाही. जे प्रेम तीन वाट्यांच्या भाराने तुटते ते वाटणीपूर्वीच तुटलेले असते. वाटणी फक्त त्याची बातमी आणते. आणि वाटा मागितल्यास माहेर बंद होते हे जर खरे असेल, तर बहिणीची सही स्वखुशीची होती हे खोटे आहे. दोन्ही एकदम खरी असू शकत नाहीत.

येथवर आम्ही इतरांविषयी बोललो. आता स्वतःविषयी बोलणे प्राप्त आहे, नाहीतर हा लेख लिहिण्याचा अधिकार आम्हांस राहत नाही. आमचे वडील २००८ साली वारले. आई त्यापूर्वीच गेली होती. आम्ही, आमचे धाकटे बंधू आणि आमची बहीण असे तिघे वारस. मिळकत म्हणजे तालुक्याच्या गावी आजोबांनी बांधलेले घर. त्या वर्षी दिवाळीसाठी बहीण माहेरी आली होती. वसुबारसेच्या आदल्या दिवशी आम्ही तिला कचेरीत नेले. तिने कागद वाचला नाही. 'दादाने वाचला आहे ना?' एवढेच म्हणाली. त्या भाऊबिजेला आम्ही तिला आमच्या घराण्यात आजवर कोणी दिली नव्हती इतकी भारी पैठणी दिली. त्या पैठणीचा रंग आम्हांस अद्याप आठवतो. तिच्या हातातून गेलेल्या तिसऱ्या हिश्श्याचा हिशेब मात्र त्या वेळी आम्ही मनातही केला नाही. २०१७ साली ते घर विकले गेले, आणि आलेली रक्कम आम्ही दोघा भावांनी निम्मी-निम्मी घेतली.

२०२१ साली आमचे मेव्हणे वारले. दोन-तीन महिन्यांनी बहिणीचा दूरध्वनी आला. तिचे दीर एक कागद घेऊन आले होते आणि सही मागत होते. 'दादा, तू शिकलेला आहेस म्हणून विचारते, सही करू का?' आम्ही तात्काळ सांगितले की, मुळीच करू नकोस. आम्ही तिला अर्धा तास कायदा समजावून सांगितला. विधवेचा हक्क, हक्कसोडपत्राचे परिणाम, ते फिरविण्यातील अडचणी, सारे आम्ही वर्गात शिकवावे तसे मुद्देसूद सांगितले. तिने ऐकून घेतले. मग ती म्हणाली, 'हे तेव्हा कोणी सांगितले नव्हते.' तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. तिने फक्त एक घडलेली गोष्ट सांगितली, आणि फोन ठेवला.

त्यानंतर आम्ही जे केले त्यात शौर्य काही नाही, म्हणून ते थोडक्यात सांगतो. तिच्या तिसऱ्या हिश्श्याचा अर्धा भाग, म्हणजे साऱ्या मिळकतीचा सहावा हिस्सा, आमच्याकडे आला होता. तेवढी रक्कम २०२२ साली आम्ही तिच्या खात्यात भरली. ती घेण्यास ती दोन महिने तयार नव्हती. वहिनीला काय वाटेल, लोक काय म्हणतील, हीच तिची चिंता. मधल्या वर्षांच्या व्याजाचा हिशेब आम्ही केला नाही. तेवढे धैर्य झाले नाही. आमच्या बंधूंचे मत वेगळे आहे. कागद कायदेशीर आहे, असे ते म्हणतात, आणि ते खरेच आहे. त्या दिवाळीपासून ते आमच्याकडे आलेले नाहीत. म्हणजे प्रेम तुटते हा आक्षेप अगदीच निराधार नाही. फक्त तुटले ते बहीण-भावांचे नव्हे, वाटा न सोडणाऱ्या भावाचे. हे दुःख आम्हांस आहे. परंतु तेरा वर्षे दुसऱ्याच्या पदराखाली झाकून ठेवलेल्या दुःखापेक्षा हे उघडे दुःख आम्हांस अधिक प्रामाणिक वाटते.

आमची सूचना साधी आहे. बहिणीने हक्क सोडूच नये असे आम्ही म्हणत नाही. दान करण्याचा अधिकार तिलाही आहे, आणि एखादा भाऊ खरोखर विपन्न असेल तर बहिणीने त्याला द्यावे, यात सौंदर्यच आहे. परंतु दान करावयाचे तर वस्तू प्रथम तिच्या हाती आली पाहिजे. म्हणून वडिलांच्या पश्चात सर्व वारसांची नावे कागदावर लागू द्या. जमीन असेल तर सातबाऱ्यावर बहिणीचे नाव भावांच्या नावांशेजारी येऊ द्या. जुन्या रिवाजाप्रमाणे 'इतर हक्क' या रकान्यात तिला कोपऱ्यात बसवू नका. तिच्या वाट्याची किंमत आजच्या भावाने किती होते, हे तिला तोंडाने सांगा. मग पुरती एक दिवाळी जाऊ द्या. त्या दिवाळीत भावाने बहिणीच्या घरी जावे, जेवावे, ओवाळून घ्यावे, आणि कागदाचा विषय काढू नये. त्यानंतर तिने आपण होऊन, तिच्या सवडीने, तिने निवडलेल्या वकिलास विचारून, काही सोडले तर ते खरे दान. आमचा तर्क असा की, या एका दिवाळीच्या अवधीत पुष्कळ 'स्वखुशी' विरून जातील. ज्या विरणार नाहीत त्यांना आमचा नमस्कार.

बहिणींनाही एक विनंती आहे. दिवाळीच्या माहेरपणात कोणत्याही कागदावर सही करू नका. जो भाऊ खरा आहे तो पाडवा उलटेपर्यंत थांबेल. आणि जे वडील आज हयात आहेत त्यांनी मृत्युपत्र करताना 'मुलींची लग्ने करून दिली आहेत, सबब त्यांस काही ठेवलेले नाही' हे ठरीव वाक्य लिहिण्यापूर्वी क्षणभर लेखणी थांबवावी. त्या 'सबब'मध्ये कोणतीही सबब नाही.

आमच्या समाजाला भाऊबिजेचा मोठा अर्थ कळत नव्हता असे नाही. १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढून पुढे तो हिंगण्यास नेणारे धोंडो केशव कर्वे यांच्या संस्थेने भाऊबीज निधी उभारला, आणि महाराष्ट्रातील हजारो मध्यमवर्गीय घरांनी ज्या बहिणींचे तोंडही पाहिले नव्हते त्यांच्या शिक्षणासाठी त्या निधीत यथाशक्ति भर घातली. आमच्या आजोबांच्या कागदपत्रांत त्या निधीच्या पावत्या जपून ठेवलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. त्याच पेटीत, त्याच बासनात, पुढे आमच्या बहिणीचे हक्कसोडपत्र आम्ही ठेवले. परक्या बहिणीला देण्याची पावती आणि सख्ख्या बहिणीकडून घेतल्याचा दस्त एकाच दोऱ्याने बांधलेले होते, हे आमच्या ध्यानात यावयास तेरा वर्षे लागली.

पुढच्या कार्तिक शुद्ध द्वितीयेस पाटावर बसण्यापूर्वी, ज्यांच्या घरी अशी पेटी असेल त्यांनी ती उघडावी, तो दस्त बाहेर काढावा, आणि निदान एकदा तो बहिणीला मोठ्याने वाचून दाखवावा. पुढे काय करावयाचे ते त्या दोघांनी ठरवावे.